सायकल सर्व्हिसिंगला देण्याआधी धुऊन द्यायची का?

बिनगिअर | शुक्रवार, रात्री ९:४०

मंडळी, प्रश्न साधा आहे, पण आज त्यावरून माझी चांगलीच पंचाईत झाली.

पावसाळाभर इंदुरात सायकल चालवली. रविवारी रालामंडल नाहीतर सिमरोल घाट, मधल्या दिवसांत सुदामानगर ते ऑफिस. म्हटलं आता पाऊस गेला, एकदा सर्व्हिसिंग करून घ्यावं, म्हणजे खंडेनवमीला पूजेत नीट उभी राहील. नेहमीच्या मिस्त्रीकडे नेली. त्यानं एकदा सायकलीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "भिया, पेले धो के लाओ. ऐसी को हाथ नी लगाऊँगा."

सायकल घाण होती हे कबूल. आपली माळव्याची काळी माती ठाऊकच आहे. ओली असताना गुळासारखी चिकटते आणि वाळली की सिमेंट. मागच्या मडगार्डच्या आत बोटभर थर बसलाय, चाक फिरवलं की खर्र खर्र वाजतं. 'डग डग रोटी, पग पग नीर' हे ज्यानं म्हटलं तो पायी चालत असणार, सायकलवर नक्की नव्हता.

पण माझं म्हणणं असं की सर्व्हिसिंगचे पैसे देतोय ना मी? मग धुणं त्यात नको का? हॉटेलात जेवायला जाताना आपण ताट घासून नेतो का? तुम्ही काय करता? धुऊन देता की तशीच?

---

पोहेप्रेमी | शुक्रवार, रात्री ९:५२

२०१७ पासून स्वच्छतेत देशात पहिला नंबर आणलेल्या शहरात राहता आणि बोटभर थर? सर्वेक्षणवाल्यांच्या नजरेला पडायच्या आत सायकल घरात घ्या.

---

तिरकी_तार | शुक्रवार, रात्री १०:१५

मिस्त्री बरोबर आहे.

माझ्या मामाचं सायकलचं दुकान होतं. शाळेच्या दोन-तीन सुट्ट्या मी तिथे छर्रे (बेअरिंगच्या लोखंडी गोळ्या) मोजण्यात काढल्या आहेत, म्हणून सांगतो. सर्व्हिसिंग म्हणजे काय करतात? चाकाचा हब उघडतात, कोन आणि वाटी (छर्रे ज्यांच्यामध्ये फिरतात ते भाग) पुसतात, छर्रे काढून बघतात, नवं ग्रीस भरतात. आता हब उघडलाय आणि वर मडगार्डला तुमची ती बोटभर माती लटकते आहे. जरा धक्का लागला की चिमूटभर पडणार सरळ ताज्या ग्रीसमध्ये. मग ते ग्रीस राहत नाही, पॉलिश पेपर होतो. चाक फिरेल तेवढा कोन घासणार. दोन महिन्यांनी तुम्हीच म्हणणार, मिस्त्रीनं काम नीट केलं नाही.

आणि दुसरं, माती खरवडण्यात त्याचा अर्धा-पाऊण तास जातो. त्याचे वेगळे पैसे कोणी देत नाही. ताटाचा दाखला इथे लागू नाही. तुम्ही जेवायला जात नाही आहात, तुम्ही भांडं कल्हईला देताय. कल्हईवाल्याकडे आमटीसकट पातेलं नेतो का आपण?

---

मूळची_इंदूरची | शुक्रवार, रात्री १०:२१

कल्हई! या शब्दानं थेट रामबागेतल्या आजीच्या अंगणात नेलं. +१.

---

अर्धसूत | शुक्रवार, रात्री ११:०५

मी उलट बाजूनं बोलणार आहे. धुऊ नका. निदान लोक ज्याला 'धुणं' म्हणतात तसं तर अजिबात नाही.

दोन वर्षांपूर्वी मीही असाच, मिस्त्री रागावेल म्हणून, सायकल आधी मोटारी धुणाऱ्याकडे नेली. त्यानं मोटरसायकल धुतात तसा प्रेशरचा फवारा हबवर, पायडलच्या मधल्या एक्सलवर, हँडलच्या मुळाशी, सगळीकडे मारला. पाच मिनिटांत सायकल नवरीसारखी. मी खूश, मिस्त्री खूश. घाई होती, म्हणून त्यानं वरवरचंच सर्व्हिसिंग केलं आणि एक्सल काही उघडला नाही.

तीन आठवड्यांनी चोरलच्या चढावर पायडलमधून असा आवाज यायला लागला की कोणी चणे चावतंय. उघडून पाहिलं तर आतलं ग्रीस दुधाळ झालेलं, म्हणजे पाणी मिसळलेलं, आणि छर्र्यांवर तांबूस गंज. आतल्या सिलांवर रस्त्यावरचं पाणी उडतं, तेवढं त्या थोपवतात. फवाऱ्याचा जोर त्यांच्यासाठी नसतो. पाणी आत जातं आणि बाहेर यायला त्याला वाट नसते.

फवारा मारणाऱ्याचा दोष नाही. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं की सायकल म्हणजे छोटी मोटार नव्हे. मलाही.

---

बिनगिअर | शुक्रवार, रात्री ११:१२

बापरे. मी उद्या नेमका तेच करणार होतो. कोपऱ्यावरच सेंटर आहे.

---

खडखडे_काका | शनिवार, पहाटे ५:५०

तुमच्या पिढीला सायकल धुवायला सेंटर लागतं हे वाचून पहाटे पहाटे करमणूक झाली.

आमचे वडील मिलमध्ये होते. हुकूमचंद १९९१ ला बंद पडली, त्याच्याही पंधरा-वीस वर्षं आधीची गोष्ट. पाळी सुटायचा भोंगा झाला की रस्ताभर सायकलीच सायकली. एका वेळी इतक्या की चालणाऱ्यानं भिंतीला चिकटून उभं राहायचं. बाबांची ॲटलस होती, काळी, चोवीस इंची, मागे कॅरिअरला डबा बांधलेला.

रविवारी सकाळी अंगणात पोतं अंथरायचे. सायकल उलटी, सीट आणि हँडलवर उभी. वाटीत घासलेट, जुना दातांचा ब्रश आणि मिलमधून आणलेलं वेस्ट. वेस्ट म्हणजे सुताचा गुंता, चिंधीपेक्षा कितीतरी बरा, तेल शोषून घेतो. ब्रशनं चेन घासायची आणि पायडल उलटं फिरवायचं काम माझं. पायडल थांबलं की टप्पल. मग वेस्टनं पुसून शिलाई मशिनच्या तेलाचा एकेक थेंब प्रत्येक कडीवर. "थेंब म्हणजे थेंब, धार नाही," हे वाक्य मी काही हजार वेळा ऐकलं असेल. शेवटी खोबरेल तेलाचं बोट रिमवर, चकाकावी म्हणून. हे करू नये हे मला फार नंतर कळलं, कारण पावसाआधी एकदा ब्रेकच लागला नाही आणि मी थेट दूधवाल्याच्या कॅनवर.

वर्षातून एकदाच मिस्त्रीकडे, तेही ओव्हरऑइलिंगला. आणि त्याच्याकडे नेताना बाबा सायकल अशी पुसून न्यायचे जणू मुलगी दाखवायला नेतायत.

---

चकरी | शनिवार, सकाळी ७:३०

काका, टोपी काढली.

फक्त एक. ओव्हरऑइलिंग नव्हे, ओव्हरहॉलिंग. सगळं खोलून, साफ करून परत जोडणं. आपल्याकडे 'हॉल'चं 'ऑइल' झालं.

---

खडखडे_काका | शनिवार, सकाळी ७:४१

बाळा, ज्या कामात शेवटी तेलच घालतात त्याला ओव्हरऑइलिंग म्हणणं जास्त बरोबर नाही का?

---

चकरी | शनिवार, सकाळी ७:४४

हरलो.

जाता जाता, तुमच्या ॲटलसच्या कंपनीनं साहिबाबादचा कारखाना बंद केला तो ३ जून २०२० ला. त्या दिवशी जागतिक सायकल दिन होता.

---

पोहेप्रेमी | शनिवार, सकाळी ८:०२

सकाळी सकाळी रडवू नका हो. जिरावण (आपला पोह्यांवरचा मसाला) घातलेले पोहे समोर आहेत, खारट होतील.

---

सईची_सायकल | शनिवार, सकाळी ९:२०

डिस्क ब्रेकवाल्यांसाठी एक इशारा. इथे बहुतेक सगळे रिम ब्रेकवाले दिसतायत.

काकांनी रिमवर खोबरेल लावलं. मी त्यापुढची. सर्व्हिसिंगला द्यायच्या आदल्या रात्री सगळं चकाचक करावं म्हणून चेनवर स्प्रे मारला. त्याची तुषारं मागच्या डिस्कवर गेली. दुसऱ्या दिवशी ब्रेक दाबला की गाय हंबरावी तसा आवाज, आणि पकड शून्य. मग अक्कल चालवली, घरात करोनाच्या काळातलं सॅनिटायझर पडलं होतं, अल्कोहोलच की, त्यानं पुसली. आणखी बिघडलं. कारण सॅनिटायझरमध्ये हात कोरडे पडू नयेत म्हणून ग्लिसरीन असतं, त्याचा थर डिस्कवर बसला. शेवटी पॅड बदलावे लागले. डिस्क पुसायची तर शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोल, स्वच्छ नवं फडकं, आणि बोटं लावायची नाहीत. बोटाचं तेलही पुरतं.

स्प्रेबद्दल: तो निळा-पिवळा डबा, डब्ल्यूडी-४०, त्यातलं डब्ल्यूडी म्हणजे पाणी हटवणं. गंजलेला नट सोडवायला उत्तम. पण ते चेनचं तेल नव्हे. लोक तेच मारून 'झालं वंगण' म्हणतात आणि चार दिवसांनी चेन कोरडी ठणठणीत.

---

तिरकी_तार | शनिवार, सकाळी १०:१०

सईंशी सहमत. अर्धसूत यांच्याशी निम्मा. प्रेशर वाईट, मान्य. पण त्यावरून धुऊच नये हे कसं निघतं? बादलीनं धुवा.

---

अर्धसूत | शनिवार, सकाळी १०:४८

निघतं, कारण माझा दुसरा मुद्दा लिहायचा राहिला.

घाण म्हणजे नुसती घाण नसते, ती खूण असते. तेल जिथून पाझरतं तिथे धूळ जास्त चिकटते. हायड्रॉलिक ब्रेकची नळी लिव्हरपाशी ओलसर असेल तर तिथेच काळा ओघळ दिसतो. पुढच्या शॉकअपच्या नळीवर तेलकट वळं दिसलं तर आतलं सील गेलंय. तुम्ही हे सगळं शनिवारी घासून पुसून चकचकीत केलंत की सोमवारी मिस्त्रीला काय दिसणार? "सब ठीक है भिया."

आवाजाचंही तसंच. तो कटकट आवाज कधी येतो, चढावर की सपाटीवर, पायडल मारताना की नुसतं सोडल्यावर, हे सांगा त्याला. काही लोक आवाज बंद व्हावा म्हणून आदल्या दिवशी सगळीकडे तेल ओततात. आवाज दोन दिवस गप्प बसतो आणि मिस्त्रीलाही काही सापडत नाही.

हां, चेन किती झिजली हे मात्र स्वच्छ केल्यावरच नीट मोजता येतं, आणि ते घरी करून जा. साधी पट्टी घ्या. एका पिनच्या मध्यावर शून्य ठेवा आणि पुढच्या चोवीस कड्या मोजा. चेनची प्रत्येक कडी अर्ध्या इंचाची, म्हणजे चोविसावी पिन बरोबर १२ इंचावर पाहिजे. अर्धं सूत पुढे गेली असेल तर चेन बदलायची वेळ झाली. पूर्ण एक सूत पुढे गेली असेल तर उशीर झालाय, मागची दातेरी चक्रंही तिच्याबरोबर झिजलीत, नवी चेन घातली तरी दात सोडणार. (माझ्या नावाचा अर्थ विचारणाऱ्या सगळ्यांना आता उत्तर मिळालं असेल. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सुताराला विचारा.)

---

तिरकी_तार | शनिवार, सकाळी ११:००

खुणेचा मुद्दा पटला. मामा पण आधी सायकलभोवती एक चक्कर मारायचा, हात न लावता.

पण मग असं करा ना, धुण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. ओघळ, ओल, काय असेल ते. मिस्त्रीला फोटो दाखवा. वाद संपला.

---

वडोदेकर | शनिवार, दुपारी १२:३५

वडोदऱ्याहून नमस्कार. आमच्याकडे वेगळीच तऱ्हा. मिस्त्री धुऊन आणा म्हणत नाही, उलट धुऊन नेली की विचारतो, "केम, वेचवानी छे?" विकायची आहे का!

---

पोहेप्रेमी | शनिवार, दुपारी १२:४०

तुमच्याकडे पोह्यांवर जिरावण नसतं ना? मग माणसं अशीच संशयी होणार.

---

वडोदेकर | शनिवार, दुपारी १२:४३

सेव उसळ आहे. बोलू नका.

---

पोहेप्रेमी | शनिवार, दुपारी १२:४४

उसळ पोहे आमच्याकडेही आहेत. आणि वर जलेबी.

---

वडोदेकर | शनिवार, दुपारी १२:५०

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

---

चकरी | शनिवार, दुपारी १:१५

धागा सायकलीचा आहे, सराफ्यातल्या खाऊगल्लीचा नाही.

बिनगिअर, पाण्याबद्दल एक विनंती. पाइप लावून सोडू नका. आपल्या नळाचं पाणी नर्मदेचं आहे, जलूदहून साधारण सत्तर किलोमीटर, डोंगर चढवून पंपांनी आणलेलं. पाइपनं मडगार्डमधून माती काढायची म्हणजे दहा मिनिटं नळ चालू. त्यापेक्षा रात्री मडगार्डमध्ये ओलं पोतं कोंबून ठेवा. सकाळी माती लोण्यासारखी सुटते. मी लाकडी कालथा वापरतो, लोखंडी नको, रंग जातो. मग दीड बादली पुरते. वरून खाली पाणी ओता, बाजूनं एक्सलमध्ये मारू नका.

---

कॉमन_मॅन_ग्वाल्हेर | शनिवार, दुपारी ३:००

वाखुसाआ (वाचनखूण साठवली आहे). कालथ्याची आयडिया भारी, पण बायकोला सांगू नका.

---

चकरी | शनिवार, दुपारी ३:०४

कालथा तिचाच होता. आता माझा आहे. मधल्या प्रकरणाची चर्चा नको.

---

मूळची_इंदूरची | शनिवार, रात्री ८:३०

सगळं वाचलं. मला सायकलीतलं काही कळत नाही, शेवटची चालवली ती अहिल्याश्रमात शिकताना, लाल लेडीबर्ड. पण भांड्यांतलं कळतं.

बिनगिअर यांनी ताट घासून नेतो का विचारलं. घासून नाही नेत. पण माझी आई काय करायची सांगते. भांड्यांना बाई होत्या. तरी त्या यायच्या आधी आई प्रत्येक ताटाचं खरकटं काढायची, कढई भिजत घालायची, जळकं पातेलं असलं तर वेगळं ठेवून "हे बघा जरा" सांगायची. आम्ही हसायचो, म्हणायचो बाईंना पगार कशाला मग. आई म्हणायची, घासायचे पैसे देते, खरकटं उचलायचे नाही.

तुमच्या या सगळ्या वादात तेच आहे असं मला वाटतं. माती म्हणजे खरकटं, ते काढा. चेन, ग्रीस, छर्रे हे घासणं, त्याला हात लावू नका. आणि जिथे काही जळलंय ते वेगळं दाखवा.

---

तिरकी_तार | शनिवार, रात्री ८:४१

ताई, दोन दिवस आम्ही जे भांडतोय ते तुम्ही एका कढईत बसवलंत.

---

अर्धसूत | शनिवार, रात्री ९:१५

मान्य. माझ्यापुरता वाद संपला. 'खरकटं काढा' म्हणजे दीड बादली पाणी, जुना ब्रश, फडकं आणि पुसून तासभर उन्हात. चेनला घासलेट, डिझेल काही नको, ते मिस्त्री करेल. घासलेट आता मिळतंय कुठे म्हणा. आणि पेट्रोल कोणी सुचवलं तर ऐकू नका, भडका उडायला एक ठिणगी बस होते.

आणि मीटर, लाइट, पंप, पाउच काढून न्या. माझा मागचा लाइट तिथेच कुठेतरी राहिला, परत मिळाला नाही.

---

बिनगिअर | मंगळवार, रात्री १०:२०

मंडळी, वृत्तांत.

शनिवारी रात्री ओलं पोतं कोंबलं. रविवारी सकाळी चकरी यांच्या पद्धतीनं कालथा (आमच्याकडेही आता तो माझाच आहे). मडगार्डमधून निघालेली माती एका घमेल्यात जमवली, घमेलं पाऊण भरलं. आईनं ती तुळशीत घातली. दीड बादली म्हणालात, अडीच लागल्या.

पुसताना मागच्या रिमवर एका तारेच्या भोकापाशी केसाएवढी रेघ दिसली. आधी वाटलं मातीचीच रेघ आहे. नखानं खरवडली, गेली नाही. फोटो काढला.

काल मिस्त्रीकडे नेली. फोटो दाखवला. त्यानं चाक फिरवून पाहिलं, तार दाबून पाहिली आणि रिम बदलायला सांगितलं. म्हणाला सिमरोलच्या उतारावर गेलं असतं तर दात गोळा करत बसलो असतो.

मग मी विचारलं, बाबा, तू परवा धुऊन आण म्हणालास ते यासाठीच ना, म्हणजे तडा वगैरे दिसावा, ग्रीसमध्ये माती पडू नये म्हणून? मी तिरकी_तार यांचा अख्खा प्रतिसादच त्याला ऐकवला. तो हसला. म्हणाला, "वो तो है भिया. पर असली बात ये है के दुकान के आगे मट्टी गिरी तो दंड लगता है. पिछले हफ्ते लगा मेरे को."

---

पोहेप्रेमी | मंगळवार, रात्री १०:२४

पहिल्या नंबरची किंमत! मी पहिल्याच प्रतिसादात सांगितलं होतं, कोणी लक्ष दिलं नाही.

---

खडखडे_काका | बुधवार, पहाटे ५:४५

रिम नवी घातली का? आणि त्यावर खोबरेल लावू नका.

---

सईची_सायकल | बुधवार, सकाळी ९:०५

बिल किती झालं ते सांगा. मला पण न्यायची आहे.

---

बिनगिअर | बुधवार, सकाळी ९:३०

काका, घातली. नाही लावणार.

सई, रिम आणि तारा धरून साडेसोळाशे. पण बिलात एक ओळ होती: 'धुलाई, ५० रु.' मी म्हटलं, अरे धुऊन तर मी आणली! तर म्हणतो, "वो चेन की धुलाई है भिया. सायकिल की तो आपने की."

---

मूळची_इंदूरची | बुधवार, सकाळी ९:४२

द्या त्याला पन्नास. घासायचे आहेत ते.